गच्चीवरील तड्याबाबत

इन्सुलेटरला गेलेला तडा साडेतीन मिलिमीटर लांब होता. तारवाल्या काकूंनी तो भिंगातून दोनदा मोजला आणि तारखेसह वहीत टिपला. काकूंनी तीस वर्षं महाविद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळली होती. अंदाजपंचे बोलणं त्यांच्या जिभेला जमत नसे.

हा इन्सुलेटर म्हणजे वीतभर लांबीची चिनीमातीची कांडी. तिच्या एका टोकाला काकूंच्या हौशी रेडिओच्या अँटेनाची तार, दुसऱ्या टोकाला गच्चीतला लोखंडी खांब. रेडिओची एक लहर दोन किलोमीटर लांब आणि तार जेमतेम चाळीस मीटर. एवढ्या लांब लहरीला एवढ्या आखूड तारेत कोंबलं, की तारेच्या टोकाशी हजारो व्होल्ट चढतात. कांडी धड असेल तर ते तारेवरच राहतात. कांडीला तडा गेला आणि त्यात दव शिरलं, की वीज खांबात उतरते. मग खांबाला हात लावायची सोय नाही, आणि हवेत जायचा संदेशही गच्चीतच मुरतो.

या संदेशासाठी समुद्रापलीकडे एक म्हातारे घड्याळजी नऊ वर्षं कान लावून बसत होते. आजवर त्यांना तो अर्धाच ऐकू आला होता. दोन महिन्यांनी ते लेकीकडे राहायला जाणार होते आणि त्यांची अँटेना कायमची उतरणार होती.

"मग फोन करा की त्यांना!" शेजारीणबाई म्हणाल्या.

"करते की, रोज करते. काही ऐकू आलं नाही, हेच आम्ही फोनवर बोलतो."

नवी कांडी कपाटात तयार होती. काम वीस मिनिटांचं. फक्त शिडी धरायला कोणीतरी हवं होतं. काकूंनी रेडिओ बंद केला आणि इमारत समितीला रीतसर अर्ज दिला.

"अर्जात 'धोका' असा शब्द आहे," सचिव म्हणाले.

"हो. कांडी बदलली की जाईल."

"म्हणजे आत्ता आहे."

"रेडिओ बंद ठेवलाय. आत्ता नाही."

"नाही? मग बदलायची कशाला?"

काकू उत्तर जुळवेपर्यंत गच्चीला कुलूप लागलं होतं.

सुरक्षा उपसमिती नेमण्यात आली. तिने गच्चीचा सखोल अभ्यास तळमजल्यावर बसून केला. जिन्याच्या कठड्याला रबर गुंडाळण्यात आलं, दारांच्या कड्यांना रबरी टोप्या चढल्या, अध्यक्षांच्या खुर्चीखाली रबरी चटई आली. सचिव काकूंची स्मरणपत्रं रबरी हातमोजे घालून स्वीकारू लागले. अख्ख्या इमारतीत धड इन्सुलेशन नसलेली वस्तू एकच उरली: ती तार. कारण ती विचाराधीन होती.

मग जिन्यात फलक लागला: 'सावधान! गच्चीत धोका आहे. वाचून सही करावी.' पाठोपाठ नियम आला, की धोका माहीत असूनही जो गप्प बसेल, तोच जबाबदार धरला जाईल.

एका रात्रीत सगळ्या सह्या खोडल्या गेल्या. माणसं जिन्यातून माना खाली घालून जाऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर चष्मा खिशात ठेवून चढत आणि त्यापायी दोनदा पडले. अखेर कोणी चुकून वाचू नये, म्हणून समितीने फलकावरही रबर चढवलं.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवार होता. सकाळीच घड्याळजींचा फोन आला. "आज पाचला शेवटचा बसतो. उद्या खांब उतरवायला माणसं येतायत."

दहाला सभा भरली.

"गच्चीत धोका आहे, हे कोणाकोणाला माहीत आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कसला धोका?" डॉक्टर म्हणाले.

"आपल्याला गच्ची आहे?" असं शेजारीणबाईंनी विचारलं. त्यांची चादर दोन महिने वरच अडकली होती.

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या.

सगळ्यांना हायसं वाटलं. सचिवांनी हातमोजे काढून ठराव लिहायला घेतला.

"थांबा, पुरतं सांगते. कांडीला तडा आहे, साडेतीन मिलिमीटर. रेडिओ लावला की खांबात वीज उतरेल." काकूंनी वही मिटली. "आता हे तुम्हा सगळ्यांनाही माहीत झालं."

दाराजवळच्या दोघांनी कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता. अध्यक्षांनी आपलाच नियम काढून पुन्हा वाचला: माहीत असूनही जो गप्प बसेल, तोच जबाबदार. मग ते चटईवरून उठले आणि दोन महिने रखडलेला निर्णय त्यांनी मोठ्याने सांगितला:

"काकूंनी कांडी आजच बदलावी. आणि हे प्रकरण ज्याने ज्याने इथवर ऐकलं किंवा वाचलं आहे, त्याने पाचच्या आत शिडी धरायला गच्चीत यावं."