हसनभाईंना मोघम चालत नाही

पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत गाडी बिघडली की माणसं आधी घरी उजळणी करतात आणि मगच हसनभाईंच्या गॅरेजात जातात. कारण 'जरा आवाज येतोय' एवढंच सांगितलं, तर हसनभाई हातातला पाना खाली ठेवतात.

"जरा म्हंजे किती? मोघम नको. मोघम शब्द कुठनं आला, ठाऊक हाय का?"

मग गाडी राहते बाजूला आणि शब्दाचं इंजिन खोललं जातं. मूळ अरबी 'मुबहम', म्हणजे ज्याचा धड अर्थ लागत नाही ते. फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे आला आणि मोघम झाला. 'सारवासारव' आली शेणाने भुई सारवण्यातून. "खालचे पोपडे झाकायचे, दुसरं काय!" आणि टोलवाटोलवी विटीदांडूतली. हे सगळं खरं की त्यांच्या पदरचं, असं विचारायची माझी कधी छाती झाली नाही. मी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला होतो. 'माल निघतोच आहे' या एका वाक्यावर मी वीस वर्षं संसार केला.

मग कंपनीने मला घरी बसवलं. मी मात्र घरी बसलो नाही. बायकोला, सुनंदाला, सांगायचा धीर होईना. रोज डबा घेऊन निघायचो आणि गॅरेजातल्या स्टुलावर बसायचो. हसनभाईंना म्हटलं, "सध्या काम जरा कमी आहे."

'जरा' ऐकूनही ते गप्प राहिले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पाचव्या दिवशी मी डबा उघडला, तर त्यांनी शटर निम्मं ओढलं. "चल घरी."

"आत्ता? तसं म्हणजे... बघू की..."

"मी येतो बरोबर."

सुनंदाने दार उघडलं. मी पाच मिनिटं उकाड्यावर बोललो. हसनभाई नुसते शेजारी उभे. शेवटी एका दमात सांगून टाकलं.

"पाच दिवस?" ती कडाडली. "आणि मी पहाटे उठून पोळ्या लाटतेय!" मग रडली. मग डोळे पुसून चहा टाकायला आत गेली.

"शटर अर्धंच हाय," म्हणत हसनभाई निघाले. मी मागोमाग गेलो. जिन्यात ते थांबले.

"माझ्या घरवालीचा, फातिमाचा, रिपोर्ट आला तवा मी तिला म्हणलो, काय न्हाई, बारीक गाठ हाय. शेवटपर्यंत त्येच म्हणत ऱ्हायलो. तिला समदं ठाऊक हुतं, राव. तीबी मला 'बरं वाटतंय' म्हणायची. ती घरात रडायची, मी गॅरेजात. एकदा तरी दोघांनी मिळून रडायला पायजे हुतं."

वरून सुनंदाने हाक मारली. तिने तीन कप भरले होते. मी हसनभाईंचा हात धरला आणि त्यांना परत वर घेऊन आलो.