ओरिजिनल ते ओरिजिनल

आमच्या शेजारच्या दिनूभाऊंना काहीही खायला द्या, ते आधी ताटलीकडे निरखून बघतात आणि विचारतात, "वहिनी, हे ओरिजिनल की रिमेक?" रिमेक म्हणजे कालचं, गरम केलेलं. फोडणीची पोळी हा त्यांच्या मते जगातला एकमेव रिमेक, जो ओरिजिनलपेक्षा सरस निघाला. बाकी सगळ्या रिमेकांशी त्यांचं हाडवैर, आणि हॉलिवूडच्या रिमेकांशी तर विचारूच नका.

रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात. ह्यांनी वीजखात्यातून सुटल्या सुटल्या ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरमच्या घरात, पुढच्या खोलीत, भलामोठा टीव्ही आणून लावला आणि नॉर्वे, कोरिया, इराण, जिथले मिळतील तिथले पिक्चर बघायला लागले. त्यातल्या एखाद्याचा हॉलिवूडवाले रिमेक काढणार अशी बातमी आली, की सकाळी पेपर हातात घेऊन आमच्या फाटकाशी हजर.

"अब बताओ वहिनी! पिक्चर चालला की नाही? दुनियेनं बघितला की नाही? मग परत कशाला? तर म्हणे, त्यांच्या लोकांना पडद्यावरच्या खालच्या ओळी वाचायचा कंटाळा!"

"मलाही आहे," मी म्हणते. मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "वर बघू, खाली वाचू, की गॅसवरचं दूध बघू? काढू देत की त्यांना. मग त्याचं हिंदी डबिंग येतं, मी कणीक मळता मळता बघते. काय बिघडतं हो?"

"शेवट बिघडतो!" दिनूभाऊंचा आवाज थेट कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. "ओरिजिनलमध्ये म्हातारा मरतो. ह्यांच्यात खडखडीत बरा होऊन लग्नात नाचतो! अरे, ज्यानं लिहिलं त्यानं मारलंय ना त्याला? मग जिवंत करणारे तुम्ही कोण? ओरिजिनल ते ओरिजिनल!"

त्यांचे एक पुण्याचे पाहुणे एकदा गमतीनं म्हणाले, "तुमची ग्वाल्हेरची मराठी म्हणजे हिंदीचा रिमेकच की!" दिनूभाऊंनी त्यांना नया बाजार फिरवला, स्टेशनवर सोडलं, डबा भरून दिला, पण शब्द म्हणून बोलले नाहीत.

घरात दिनूभाऊ आणि त्यांची मोठी बहीण माई, दोघंच. दिनूभाऊंनी लग्न केलं नाही. माईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मिलिंद कॅनडात, आणि काचबिंदूनं माईंची नजर पार गेलेली. म्हणून दर रविवारी दुपारी दिनूभाऊ त्यांच्या शेजारी बसून अख्खा पिक्चर मराठीत बोलून दाखवतात. आणि कसा! कोरियाचा पोलीस चोराला म्हणतो, "चल बे, ठाण्यात चल, तिथे बताऊ." फ्रान्सची बाई प्रियकराला म्हणते, "अहो, ऐकून तर घ्या जरा." पडद्यावर चुंबन सुरू झालं, की दिनूभाऊ घसा खाकरून सांगतात, "आता दोघं जरा बोलत बसलेत."

"बरंच हळू बोलतात बाई," माई म्हणतात.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी चिवड्याची वाटी घेऊन गेले. ओरिजिनल की रिमेक, हे दिनूभाऊंनी विचारलंच नाही. दारातच हळू आवाजात म्हणाले, "काल मिलिंदचा फोन आला. ह्याही दिवाळीला जमत नाही म्हणतो. माई 'बरं बाळा' म्हणाली आणि त्याच्या पलंगावरची नवी चादर काढून परत कपाटात ठेवली."

आत पिक्चर लागला होता. कुठल्याशा थंड देशातलं बेट, एक म्हातारी आई, समुद्रावर गेलेला तिचा मुलगा. ती रोज वाट बघते. एवढी एकच गोष्ट, आणि नेमकी त्याच दिवशी निघाली. दिनूभाऊंना तरी काय ठाऊक! ते सांगत होते, पण त्यांचा आवाज आज बसका होता.

शेवटी म्हातारीला दारात काहीतरी वाजल्यासारखं वाटतं. ती धडपडत उठते, दार उघडते. खालच्या ओळी कधी न वाचणारी मी, पण तेवढी ओळ वाचली. 'कोणी नाही. वारा होता.' ती दार लावून घेते आणि रडायला लागते.

दिनूभाऊ एकदम म्हणाले, "आला, माई! आला! दारात उभा आहे. दाढी वाढलीय, पण तोच आहे."

"मग ती रडतेय का रे?"

"आता पोरगं इतक्या वर्षांनी घरी आलं, तर रडणार नाही का गं?" असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि चहा टाकायला आत गेले.

माईंनी चाचपडत माझा हात धरला.

"सुनंदा, दार उघडलं, दार लागलं. पण आत कोणाची पावलं नाही वाजली. तो आला नाही ना गं?"

एरवी माझं तोंड कोणाला आवरत नाही. तेव्हा मात्र मी नुसता त्यांचा हात दाबला.

"असू दे," माई म्हणाल्या. "दिनूला नको सांगूस हं. इतक्या मायेनं सांगतो बिचारा."

दिनूभाऊ चहा घेऊन आले. कप माईंच्या हातात नीट धरवून त्यांनी विचारलं, "कसा होता पिक्चर?"

"छान होता रे. शेवट तर फार छान केलाय."

"अब बताओ वहिनी!" दिनूभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले. डोळे लाल झाले होते त्यांचे. "हॉलिवूडला जमलं असतं असं?"

"छे हो, भाऊ," मी म्हटलं. "ओरिजिनल ते ओरिजिनल."

माईंनी माझा हात अजून सोडला नव्हता.