कन्नडच्या जीपमधलं स्वातंत्र्य

“एसटीनंच जा बरं का. ती जीप भरल्याशिवाय हलत नाही,” कालिंदीबाईंनी सकाळी देवापुढची वात सारता सारता बजावलं होतं. व्यंकटरावांनी मान हलवली आणि स्टँडबाहेर येऊन सरळ कन्नडच्या काळीपिवळीत बसले. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्यांना व्याख्यानाचं बोलावणं आलं होतं. अकरा वाजता, कन्नडच्या कॉलेजात. विषय व्यक्तिस्वातंत्र्यवाद. माणूस स्वतःचा मालक असतो हे सांगायला सरकारी गाडीतून जायचं म्हणजे एकादशीला झुणका-भाकर खाऊन कीर्तनाला उभं राहणं.

“सर, मधीच उतरणार नाय ना?” ड्रायव्हर सांडूनं विचारलं. “एक उतरला की सगळे उतरतेत.”

“नाही उतरणार. शब्द देतो. फक्त अकराला कॉलेजात व्याख्यान आहे माझं.”

“मग माझाबी शब्द. अकराच्या आत कॉलेजच्या दारात.”

दोनच शिटा भरायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात शेजारी बसलेल्या कारभारींनी व्याख्यान कशावर आहे ते विचारलं, आणि व्यंकटरावांना तिथंच वर्ग भरल्यासारखं वाटलं.

“काही म्हणतात, सरकारनं फक्त चोर धरावेत, तंटे सोडवावेत. बाकी माणसाला त्याच्या मर्जीवर सोडावं.”

“बराबर हाय,” खिडकीशी बसलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या. “सांडू, तू निस्ती गाडी हाण. मला सरकून बसा म्हणू नको.”

“दुसरे म्हणतात, तेवढंही सरकार नको. राखणसुद्धा लोकांनी आपापसात ठरवून करावी.”

“मग सांडूचं तरी काय काम?” म्हणत मागच्या सीटवरच्या कडूबानं हात लांबवून हॉर्न वाजवून पाहिला.

“तिसरे म्हणतात, मेहनत ज्याची त्याची, पण जमीन कुणीच घडवली नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा सारखा हक्क.”

“ऐका द्वारकाबाई,” कारभारी म्हणाले. “खिडकी काय तुमी घडवली? सरका.”

“सातपासून बसून कमावली ती मी. सरकत नसते.”

व्यंकटराव हरखून गेले. एवढ्याच मुद्द्यासाठी कॉलेजात त्यांना तीन तास लागत. इथं मात्र तो पाच मिनिटांत भांडणावर आला होता. ते भांडण ऐकून चढू पाहणारे दोघं आल्या पावली परतले आणि जीप भरता भरता राहिली.

एवढ्यात कन्नडची एसटी समोर येऊन थांबली.

“सर, कुणी कुणाला बांधून ठेवू नये म्हनता ना?” द्वारकाबाईंनी पिशवी उचलली.

“अगदी बरोबर.”

“मग मी चालले. तिकडं बायांला अर्धं तिकीट हाय.”

त्यांच्यामागून सगळे उतरले. एसटीत कंडक्टरनं एकेकाला दटावून बसवलं. द्वारकाबाईसुद्धा निमूट सरकल्या.

“या की सर, एक जागा हाय,” कारभारींनी खिडकीतून हाक मारली.

व्यंकटरावांनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. एसटीनं गेलं तर व्याख्यानाला नक्की वेळेवर पोचता येत होतं. “शब्द दिलाय मी,” ते म्हणाले, आणि एसटी गेली.

 सांडू फडक्यानं काच पुसत राहिला. ते पाहून व्यंकटरावांना लाज वाटली.

“सांडू, तुझी गाडी मीच रिकामी केली. आता माझ्या एकट्यासाठी साठ किलोमीटर जाऊ नकोस. तुझ्या शब्दातून मी तुला मोकळं करतो.”

“तुमी मोकळं करून कसं व्हईल, सर?” सांडू फडकं झटकत म्हणाला. “शब्द माझा हाय.”

व्यंकटरावांनी खिशातलं व्याख्यानाचं टिपण काढून ते वाक्य त्यात लिहून घेतलं.

सांडूनं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, दार नीट ओढून लावलं आणि रिकामी जीप कन्नडच्या रस्त्याला लावली.