पगारे काकांचा रिकामा चौकोन

पगारे काकांच्या कॅरमवर सोंगट्या कमी आणि आकडे जास्त असतात. जेल रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटर आणि एक कायमचा बंद जनरेटर यांच्यामध्ये तो बोर्ड मांडलेला असतो. समोरच्या स्टुलावर कॉलेजातलं कुणीतरी चेहरा पाडून बसलेलं असतं. काका पावडर पसरतात आणि बोटाने तिच्यात चौकोन काढतात. एका चौकोनात एक विषय, आणि त्यात किती आणायचे तो आकडा. समोरच्याला सगळं पाठ झालं की तळहाताने पुसून टाकतात आणि म्हणतात, "चल, आता एक डाव."

आपली सरासरी कुठवर न्यायची हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न असतो, असा माझा समज होता. आमच्या सोसायटीत तो काकांचा आहे.

ज्यांनी टक्क्यांच्या काळात परीक्षा दिल्या त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आता प्रत्येक विषयाला क्रेडिट असतं, म्हणजे वजन, आणि श्रेणी दहापैकी. जड विषयात घसरलात की सरासरी घसरते. हलक्या विषयात कितीही चमकलात तरी ती ढिम्म हलत नाही. बी विंगमधल्या एका मुलीने पर्यावरणाच्या पेपरसाठी जिवाचं रान केलं. तो पेपर सरासरीत धरतच नाहीत, हे तिला निकालानंतर कळलं. काका आठवडाभर हळहळत होते. "एवढी झाडं वाचवली पोरीने, आणि पदरात एक पान नाही."

काका सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले. वजनाची ही कल्पना त्यांना इतकी पटली, की आता ते तिच्याशिवाय बोलतच नाहीत. मिसळीत रस्सा चार क्रेडिटचा, पाव एकचा. सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय सहा क्रेडिटचा, चेअरमनचं भाषण शून्य. हे ते सभेतच सांगतात. एकदा काकूंनी मेथी निवडता निवडता विचारलं, "आणि आपलं लग्न हो? त्याला किती?"

"तो पर्यावरणाचा पेपर," काका म्हणाले. "पास व्हावंच लागतं. सरासरीत धरत नाहीत."

त्या संध्याकाळी त्यांना नुसती मेथी मिळाली, भाकरी नाही, अशी बातमी आहे.

नवस बोलणाऱ्यांशी त्यांचं भांडण नाही. कुणी वणीच्या गडावर पायी जायचं ठरवलं तर म्हणतात, "जा की, हवा चांगली आहे. पण आधी चार क्रेडिटवाला पेपर, मग गड." त्यांचा खरा राग दोन गोष्टींवर. एक, सरासरी वर ढकलणं. सात पूर्णांक शेहेचाळीसला कुणी साडेसात म्हटलं की ते म्हणतात, "पायरी राहिली ना? मग वर आलास कसा?" आणि दुसरी, बोर्डाचा फोटो काढणं. फोन वर झाला की काका तळहात फिरवून मोकळे.

आणखी एक खोड होती. शेवटच्या पेपरचा चौकोन ते काढायचे, पण भरायचे नाहीत. "हा नंतर. आधीचा पेपर झाला की ये, मग बघू." मला हा शुद्ध भाव खाण्याचा प्रकार वाटे. गावातले मोठमोठे मार्गदर्शक हेच करतात. फक्त त्यांच्या पुढच्या भेटीला फी असते.

मग आमच्या लेकीची, मृणालची वेळ आली. बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर. पुण्याच्या ज्या कॉलेजात तिला एम.एस्सी. करायचं होतं, तिथे साडेसातच्या खाली अर्जच घेत नव्हते. हिची पाच सेमिस्टरची सरासरी सात पूर्णांक चार.

"म्हणजे या वेळी आठ पाहिजेत," काका म्हणाले. कागद नाही, फोन नाही. "प्रॅक्टिकलला किती पडले?"

"दोन्हीत दहा."

"वा! दोन्हींचं वजन पेपरच्या निम्मं, पण दहा ते दहा. मग राहिले चार पेपर, सारख्या वजनाचे." पावडरीत चार चौकोन पडले. पहिल्यात आठ, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात, म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्रीत, आठ. चौथा रिकामा.

"चौथ्यात सात लागतील," मी मागून म्हणालो. मला उगाच सातवीतल्यासारखा उत्साह आला होता.

"तुम्हाला कुणी विचारलं?" काका म्हणाले.

पहिले दोन पेपर ठरल्याप्रमाणे गेले. ऑरगॅनिकच्या दिवशी मात्र मृणाल घरी आली ती चप्पल न काढता पलंगावर पडली. "पाच पडतील बाबा. फार तर."

मी फोनवर हिशेब केला. पाच पडले तर शेवटच्या पेपरला दहापैकी दहा हवे होते. तिने माझा चेहरा वाचला. "मग उद्या जायचंच कशाला?" ती म्हणाली, आणि तडक खाली गेली. मी मागोमाग.

"काका, शेवटचा चौकोन भरा."

काकांनी पावडरीचा डबा हलवून पाहिला. "पावडर संपली."

डबा अर्धा भरलेला मला दिसत होता.

"मग तोंडी सांगा."

"तुझा पेपर तपासून झाला का? नाही ना? मग पाच कुणी दिले, तू? तू काय परीक्षक आहेस? चल, ब्रेक तुझा."

दोन डाव हरून ती वर गेली. जाताना पुस्तक कुठे ठेवलंय ते तरी मला विचारत गेली. मी थांबलो. म्हणालो, "काका, पोरीला खरं सांगायला हवं होतं."

काका सोंगट्या डब्यात भरत होते.

"आमच्या पोरीला, सोनलला, खरं सांगितलं होतं. सगळे चौकोन भरून, छान अक्षरात, भिंतीला चिकटवलं होतं. एक पेपर वाईट गेला. तिने स्वतःच वजाबाकी केली आणि शेवटच्या पेपरला गेलीच नाही. डबा घेऊन निघाली आणि नाशिक रोड स्टेशनवर बसून राहिली. मी ड्यूटीवर. दारात कोण असणार?" सोंगट्यांच्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, ते त्यांनी पुन्हा काढून लावलं. "आणि वाईट गेलेल्या पेपरात तिला सहा होते. वर्ष गेलं त्याचं काही नाही. आता बंगलोरला आहे, झकास आहे. फोन करते, तब्येत विचारते. पण तेव्हापासून कुठलाच आकडा तिने मला सांगितला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल पेपरला निघाली तेव्हा काका गेटपाशी जास्वंदीला पाइप धरून उभे होते. कुणाचाही शेवटचा पेपर असला की ते असे उभे असतात. आम्ही त्यांना झाडांचं वेड आहे असं समजत होतो. त्या दिवशी पाणीच आलं नव्हतं. रिक्षा वळेपर्यंत त्यांनी कोरडा पाइप खाली ठेवला नाही.

निकालात ऑरगॅनिकला सात होते. शेवटच्या पेपरला आठ. बरोबर साडेसात, काहीही वर न ढकलता.

मृणाल आधी खाली धावली. मी पोचलो तेव्हा बोर्डावर चारही चौकोन भरलेले होते. चौथ्यात आकडा मी पहिल्यांदाच पाहत होतो, आठ. मृणालने सवयीने पुसायला हात पुढे केला, तर काकांनी तो धरला.

"थांब. याचा फोटो काढ. सोनलला पाठव."

"काय लिहू?"

"काही नको. तिला कळतं."

थोड्या वेळाने काकांचा फोन वाजला. सोनलचा. काकांनी नुसतं "हं" म्हटलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाचपैकी चार? ऑफिसवाले देतात? बरं. बरं."

फोन ठेवून त्यांनी पावडरीत, कडेला, आणखी एक चौकोन काढला आणि त्यात चार लिहिले.

"काका, एक डाव?" मृणाल म्हणाली.

"आज राहू दे," काका म्हणाले. "बोर्ड भरलाय."