डोमामामांचा मुद्देमाल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. कोणी हे वाचलंच तर तेवढं पोटात घालावं. माणसांपुढे बोलायला मला जमत नाही, म्हणून वहीत लिहिते.

आमच्या शेजारचे डोमामामा आंघोळ करतानाही गळ्यातली शिट्टी काढत नाहीत. जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेटवर होते. नोकरी सुटली, शिट्टी राहिली. गावात कोणी खर्रा खाऊन पिचकारी मारली की मामा शिट्टी फुंकतात आणि विचारतात, "हे कायद्यात बसते काय?" मामी होत्या तेव्हा भाजीत मीठ जास्त झालं तरी हेच विचारायचे. मामी म्हणायच्या, "नसन बसत तर उभ्यानं खा जी."

आमचं गाव शहापूरहून आत. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस आले की तलावाच्या पाळीवर कोंबडबाजार भरायचा. कोंबड्याच्या पायाला पातं बांधून झुंज लावायची, त्यावर पैसे लावायचे, वर दारू. हरलेले लोक वाटेनं जाणाऱ्या बायकांवर राग काढायचे. आम्ही धुणं घेऊन तिकडे जाणं सोडलं. तक्रार नेली तर ठाणेदार म्हणत, हे पंचायतीचं काम. पंचायत म्हणे, पोलिसांचं. शेवटी दोघांची मिळून समिती झाली. समितीनं सर्वात आधी पाळीवर मोठा फलक लावला. त्यावर ठाणेदारांचा फोटो होता आणि सरपंचबाईंच्या यजमानांचा होता. सरपंचबाईंना जागा उरली नाही. फलकाची सावली छान पडायची. पुढचा बाजार त्याच सावलीत भरला.

डोमामामा या समितीचे समन्वयक. समन्वयक म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण जे काम दोघांनाही नको ते मामांकडे येऊ लागलं.

मग एकदा खरोखरच धाड ठरली. पोलीस झुडपाआड दबून बसले. तेवढ्यात पाळीवर कोणीतरी थुंकला आणि मामांनी सवयीनं शिट्टी फुंकली. माणसं सगळी पळाली, कोंबडे सापडले. कोंबडे पुष्कळ होते, पण ठाण्यात एकच पोचला. बाकीच्यांचं विचारू नये.

ठाणेदार म्हणाले, "हा मुद्देमाल आहे. जपून ठेवा. पण इथं नको, पंचायतीच्या कोंडवाड्यात न्या."

पंचायतीचे सचिव म्हणाले, "कोंडवाडा गाई-म्हशींचा आहे. हा फटीतून निघून गेला तर कोणाले विचारावं?"

मग दोघांनी मामांकडे पाहिलं. मामा कोंबडा बगलेत मारून घरी आले.

कोंबडा दिवस उगवायच्या कितीतरी आधी आरवायचा. शेजाऱ्यांनी समितीकडे तक्रार केली. समितीनं ती समन्वयकाकडे पाठवली. मामांनी स्वतःच्याच दारावर नोटीस चिकटवली, शिट्टी वाजवली आणि कोंबड्याला कडक समज दिली.

कोंबडा गणपतचा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण कबूल केलं तर गुन्हा, म्हणून तो गप्प होता. शेवटी राहवेना, तेव्हा कबूल झाला आणि कोर्टात दंड भरून आला. ठाणेदारांनी कोंबडा न्यायला सांगितलं. मामा दारात आडवे उभे.

"पहिले खाल्लेल्या दाण्याचे पैसे टाक."

"मामा, हा कोंबडा हाये का म्हशीतला हेला? एवढं कायचं खाल्लंन यानं?"

"तांदूळ."

"कोंबड्याले तांदूळ कोण टाकते जी? कोंडा टाकाचा होता."

"मुद्देमाल हाये. वजन घटलं तर मले जाब पुसतीन."

गणपत दर आठवडी बाजाराला येऊन थोडे पैसे द्यायचा. मामा तेवढ्यात खाल्लेले नवे दाणे बाकीत मिळवायचे. गणपत कपाळाला हात लावायचा. "मी देऊन राहिलो, थो खाऊन राहिला. हे कधी फिटन मामा?"

सारं गाव मामांना कंजूष म्हणू लागलं. मीही मनात म्हटलं.

मग एकदा वांग्याची भाजी द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. मामा जेवायला बसले होते आणि समोर दुसरं ताट होतं. त्यात कोंबडा टिपत होता. मामा त्याला म्हणाले, "मीठ जास्त झालं न आज? हे कायद्यात बसते काय, बोल." कोंबड्यानं मान वाकडी करून पाहिलं. मामा थांबले. मामींचं उत्तर यायचं तेवढा वेळ थांबले. मी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि आवाज न करता परत आले.

कोंबडबाजार आता पलीकडच्या गावाच्या हद्दीत भरतो. समितीनं आपल्या यशाचा आणखी एक फलक लावला आहे. आम्ही पुन्हा तलावावर धुणं नेतो.

गणपतनं यंदा तुमसरला धान विकलं आणि सगळे पैसे घेऊन आला, त्या दिवसाच्या दाण्यासकट. मामांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. कमी निघाल्या नाहीत.

"पायाले पातं नोको बांधू रे," मामा म्हणाले.

"आता कायचा लढते थो. तांदूळ खाऊन साहेब झाला तुमचा. घरच्या कोंबड्यायत सोडतो."

मामांनी कोंबडा त्याच्या हातात दिला. शिट्टी वाजवली नाही.

संध्याकाळी मी भाजी घेऊन गेले. या वेळी उंबऱ्यावर ठेवली नाही. आत जाऊन ताटात वाढली आणि विचारलं, "मामाजी, मीठ बरोबर आहे का?"

मामांनी घास घेतला. समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघत म्हणाले, "गणपतनं चुकते केले बाई. पुरे दिले. एक पैसा बाकी नाही ठेवलान."