गोधडीला मशीन लागली

"हाताने टाके घालत बसले तर विनिताच्या पोराच्या बारशालाच गोधडी मिळेल," लीलाताई म्हणाल्या. "मशीनवर बघा, दोन दिवसांत हातावेगळी करते."

हे त्या नणंदेला, सुधाताईंना, फोनवर बोलून गेल्या आणि तिथेच चुकलं. इंदरगंजातल्या सुधाताई म्हणजे घराण्याच्या रीतिभातींचं वरचं कोर्ट. गोधडीला मशीन लावत नाहीत, ती हाताच्या धावदोऱ्यानेच मऊ होते, असा निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला. लीलाताईंनी तो मुकाट्याने ऐकला आणि वर, आत घालायला जुनी मऊ धोतरं असली तर पाठवून द्या, असंही सांगून टाकलं.

गोधडी लेकीला लग्नात द्यायची होती. विनिता लग्न होऊन पार बंगलोरला जाणार होती आणि तिच्याबरोबर तिचं सगळं लहानपण घडी घालून पाठवायचं, असं लीलाताईंनी मनाशी पक्कं केलं होतं. तिला आखूड झालेल्या कपड्यांचे तुकडे त्यांनी वर्षभर बसून हाताने जोडले होते. वर्ष लागलं, कारण हात कमी आणि आठवणी जास्त चालत. हा फ्रॉक घालून ही मेळ्यात हरवली होती आणि पोलिसांच्या तंबूत गजक खात सापडली होती, असं सुरू झालं की सुई तशीच राहायची. त्यांचे यजमान जयसिंहराव "अगं, आवर आता," म्हणायला येत आणि स्वतःच चष्मा पुसत बाहेर जात. त्यामुळे लग्न आठवड्यावर आलं तरी आतले थर घालून वरून टिपा मारायचं काम तसंच पडून होतं.

सुधाताईंकडून पिशवी आली. दोन धोतरं आणि त्यांच्यावर एक पिवळट पडलेलं, लोण्यासारखं मऊ कापड. लीलाताईंनी तिन्ही एकावर एक अंथरली, वर तुकड्यांची बाजू, खाली साधं करडं अस्तर, आणि टाचण्या मारून मशीनवर बसल्या.

कडेच्या टिपा झकास पडल्या. मधल्या भागात मात्र गोधडीची जाडजूड वळकटी मशीनच्या कमानीत शिरेना. मग व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवलेल्या मुलाला, संग्रामला, हाक गेली. तो एका बाजूने वळकटी खांद्यावर घेऊन उभा राहिला, दुसऱ्या बाजूने जयसिंहराव ओढायला लागले. यांच्या पूर्वजांनी फौजेत तोफा ओढल्या होत्या आणि ती सवय काही रक्तातून गेलेली नव्हती. दोनदा सुई मोडली. मग जयसिंहराव चहा घ्यायला उठले, तर मागोमाग गोधडीही उठली. कुर्त्याची बाही टिपेखाली गेली होती. ती उसवण्यात सकाळ गेली, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोधडी तयार होती. बोटभर अंतरावर एक टीप, सगळ्या कशा सुतात. लीलाताईंनी ती पलंगावर पसरली आणि कोर्टाला मुद्दाम बोलावणं धाडलं.

सुधाताई लग्नाच्या आदल्या दिवशी कुंकवाची वाटी घेऊनच आल्या. गोधडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"अंतरपाट दे. स्वस्तिक काढून ठेवते."

"कुठला अंतरपाट?"

"धोतरांच्या वर ठेवून पाठवला होता तो."

लीलाताई मटकन पलंगावर बसल्या, म्हणजे गोधडीवर आणि पर्यायाने अंतरपाटावरच. या घरातलं प्रत्येक लग्न त्याच एका कापडाआड लागलं होतं. त्यांचं स्वतःचंसुद्धा. दर लग्नाला आत्याने त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि लग्न झालं की धुऊन ठेवायचं. धुऊन धुऊन ते कापड जुन्या धोतरासारखं दिसायला लागलं, यात लीलाताईंचा काय दोष? पण हे बोलायची हिंमत कुणाला होणार! मल्हाररावांच्या, म्हणजे सुधाताईंच्या यजमानांच्या, भावाच्या लग्नात नवी शाल धरली होती, तर नवरदेव भर पंगतीत रुसला आणि अजून धड बोलत नाही, हे सुधाताईंनी पुन्हा एकदा सांगितलं आणि हात पुढे केला.

"कात्री आण. उसवू."

उसवायचं म्हणजे जुनं कापड टिपांबरोबर फाटणार आणि वर्षभर जोडलेले तुकडे चिंध्या होऊन हातात येणार. लीलाताई जागच्या हलल्या नाहीत.

"वन्सं, तो आत आहे ना? मग आतच राहू दे. उद्या अख्खी गोधडीच धरा. माघाची थंडी आहे, अंतरपाटाने पांघरूण घेतलंय असं समजा."

याच्याविरुद्ध एखादी रीत सापडते का, हे सुधाताईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. सापडेना, कारण इतका घोळ आजवर कुणी घातलाच नव्हता. शेवटी त्यांनी करड्या अस्तरावर स्वस्तिक काढलं.

दुसऱ्या दिवशी एका टोकाला मल्हारराव आणि दुसऱ्या टोकाला संग्राम गोधडी धरून उभे राहिले. अस्तर नवरदेवाकडे, तुकडे विनिताकडे. मुलीच्या आईने अक्षता बघायच्या नसतात, म्हणून लीलाताई पार मागे तुळशीच्या कुंडीशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मुहूर्ताला वेळ होता आणि सगळ्या आत्या-माम्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती. तिसऱ्यालाच मल्हाररावांचं टोक खाली आलं आणि नवरदेवाचा फेटा दिसायला लागला. संग्रामचे दंडही थरथरायला लागले. "आत्या, जल्दी निपटाओ ना," तो दातांतून म्हणाला. मधूनच विनिताचा हुंदका ऐकू येई, मग चक्क हसणं, मग पुन्हा हुंदका. लीलाताईंना मागे वळून बघता येईना. टीप तर सुटली नाही?

तेवढ्यात सुधाताईंची हाक आली. "लीला, इकडे ये. मधून धर."

"पण वन्सं, मी कशी? मुलीची आई..."

"रीत मी बघते. तू धर."

लीलाताई धावल्या आणि लेकीच्या बाजूने गोधडीखाली दोन्ही हात देऊन उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांना दिसलं. विनिता एकेका तुकड्यावर बोट ठेवत, वरून खाली, ओळीने गोधडी बघत होती. आपल्या आईने जे कधी बघितलं नाही, सुधाताईंनीही स्वतःच्या लेकीच्या लग्नात बघितलं नाही, ते लीलाताई हातभर अंतरावरून बघत होत्या.

"सावधान" झालं, बँड सुरू झाला, अक्षता पडल्या. मल्हाररावांनी सुटकेचा श्वास सोडून गोधडी ओढली, पण ती हलेना. विनिताने ती दोन्ही मुठींत धरली होती.

"थांबा ना. खालची ओळ राहिलीय."

गुरुजी मुहूर्त, मुहूर्त म्हणत राहिले. सुधाताईंकडची मंगलाष्टकं संपली होती, तरी त्यांनी पहिलंच पुन्हा खड्या आवाजात सुरू केलं. पलीकडून नवरदेवाने अदबीने विचारलं, की झाल्यावर ती बाजू त्यालाही बघायला मिळेल का. विनिताचं बोट शेवटच्या तुकड्यावर थांबलं.

"आई, ही तर तुझी चंदेरी साडी. मला दवाखान्यातून घरी आणलंस तेव्हाची. विरली, टाकून दिली म्हणाली होतीस."

लीलाताईंनी गोधडी आणखी थोडी वर उचलून धरली.

"बघून घे लवकर," त्या म्हणाल्या, "संग्रामचा हात सुटतोय."