लाभ, दोन, तीन

परब गुरुजी ‘एक’ म्हणत नाहीत. एसटीत कंडक्टरने किती तिकिटं विचारलं की ते बोट वर करतात. मोजायची वेळ आलीच, तर ‘लाभ, दोन, तीन’.

भात मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. इतरांनी ती खळ्यावरच ठेवली. गुरुजींनी ती पहिलीच्या वर्गात आणली.

मी त्याच शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे गुरुजींचं गणित मला पाठ झालंय. पुस्तकातल्या रंगीत मण्यांवर त्यांचा विश्वास नाही. दहादहाने मोजायला शिकवायचं असलं, की ते बादलीतून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणतात. एका कुर्लीचे दहा पाय, दोघींचे वीस. एकदा तन्वी नावाच्या मुलीने हरकत घेतली.

‘गुरुजी, डेंगे पाय नाय. हात आसत.’

गुरुजींनी बादलीत वाकून नांग्यांची खात्री केली. ‘बरा गो बाय. मगे आठाआठान मोज.’

अशा रीतीने पहिलीच्या पोरांना आठाचा पाढा वेळेआधीच आला. तास संपल्यावर कुर्ल्यांचं काय होतं, याबद्दल अभ्यासक्रम काही सांगत नाही.

‘एक म्हटल्यान काय होता, गुरुजी?’ मी एकदा विचारलं.

‘रास आटता.’

‘हंय खंय आसा रास?’

त्यांनी चष्म्यावरून वर्गातल्या सात पोरांकडे पाहिलं. ‘ही काय. गेल्या वर्साक नऊ होती.’

जानेवारीत तपासणीसाठी साहेब आले. साहेबांच्या हातात टॅब होता आणि टॅबमध्ये प्रश्न.

‘दोनच्या आधी काय येतं?’

‘लाभ,’ सगळा वर्ग म्हणाला.

‘शून्याच्या नंतर?’

‘लाभ.’

‘मग एक कुठे गेला?’

तन्वीला साहेबांची दया आली. ‘तो आमच्यात नाय.’

टॅबमध्ये या उत्तरासाठी जागा नव्हती. पडवीत येऊन साहेब मला म्हणाले, ‘मी पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. फरक दिसला नाही, तर पहिली तुम्ही घ्या.’ गुरुजी मागेच उभे होते. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. सगळी नोकरी त्यांनी पहिलीवर काढली होती, आणि शेवटच्या चार महिन्यांसाठी तीच हातातून जाणार होती. ते साहेबांना शुद्ध मराठीत एवढंच म्हणाले, ‘फरक दिसेल.’

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ‘एक’ ऐकू आला. घशात बांगड्याचा काटा अडकलेल्या माणसाने बोलावं, तसा. पोरं हसली, मग म्हणायला लागली.

ठरल्याप्रमाणे साहेब आले आणि त्यांनी एकाआड एक आकडे म्हणायला सांगितले. ‘एक, तीन, पाच, सात’ करत वर्ग न अडखळता एकोणीसपर्यंत गेला. साहेबांनी टॅबवर बोट टेकवलं. पहिली गुरुजींकडेच राहिली.

त्या रविवारी मी अभिनंदन करायला त्यांच्या घरी गेलो. शेतं पड होती. भाऊ मुंबईला गेले आणि बायकोही वारली, तेव्हापासून गुरुजींनी भात लावलेलं नाही. खळ्यात गवत वाढलं होतं. त्यातला चटईएवढा तुकडा मात्र नुकताच सारवलेला दिसत होता. तिथे तांदळाची लहानशी रास घालून, हातात लाकडी पायली घेऊन गुरुजी उकिडवे बसले होते.

‘ह्या काय, गुरुजी?’

‘पोरांका आता दुसरा शिकवलंय,’ ते म्हणाले. ‘माका लाभाचो विसर पडता कामा नये.’

मग त्यांनी बाजूचं रिकामं पोतं माझ्याकडे सरकवलं. ‘बरा झाला इलात. तोंड धरा. मोजूक दोघां लागतत.’

तांदूळ दुकानातला होता. किती किलो, ते पोत्यावर ठळक छापलेलं होतं. मी चपला काढल्या, समोर बसलो आणि पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.